झुडपं ठेवू की हरणं?

सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, ऑन-कॉल नाही, घरात सगळे गाढ झोपलेले. चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर आलो आणि बघतो तर काय! आदल्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या हौसेने लावलेल्या सहा अझेलियांच्या जागी सहा खराटे उभे. शुक्रवारी संध्याकाळी टपोऱ्या कळ्या मोजून झोपलो होतो. आता एक कळी शिल्लक असेल तर शपथ.

व्यवसायाने मी प्रोग्रामर, त्यामुळे आधी रडायचं नाही, लॉग बघायचे. फांद्यांची टोकं जवळून पाहिली. सशाने खाल्लं असेल तर टोक सुरीने कापल्यासारखं तिरपं आणि स्वच्छ असतं. इथे टोकं फाटलेली, सालीचे धागे लोंबणारी. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, आपल्या गायी-शेळ्यांसारखंच. त्यामुळे ते कापत नाही, पकडून ओढतं. गुन्हेगार सापडला. शेजारचे रिटायर्ड आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "वेलकम टू न्यू जर्सी."

त्या वीकेंडला चिडून वाचायला बसलो ते उपाय शोधायला. पण नेहमीप्रमाणे एका लिंकवरून दुसरीवर करत भलतीकडेच पोचलो, आणि तिथे भेटले जॉर्ज वॉशिंग्टन.

म्हणजे बघा, काळ १७९० च्या दशकाचा. वॉशिंग्टन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, मुक्काम फिलाडेल्फियाला. व्हर्जिनियातली माउंट व्हर्नन ही त्यांची इस्टेट सांभाळायला विल्यम पिअर्स नावाचा कारभारी. राष्ट्राध्यक्ष महाशय त्याला शेतीवाडीच्या सूचना देणारी लांबलचक पत्रं लिहायचे (आजकालचे मॅनेजर लाजतील असं मायक्रोमॅनेजमेंट!). त्यातल्या एका पत्रात ते लिहितात, माळ्याची तक्रार आहे की हरणं झुडपांची नासधूस करतात, अगदी अंगणातल्यासुद्धा. आता झुडपं सोडून द्यावीत की हरणं, हेच मला ठरवता येत नाही. त्यांना घाबरवून पळवायचा काही मार्ग नाही का?

माझा राग निम्मा तिथेच उतरला. ज्या माणसाने ब्रिटिश साम्राज्याला घालवलं त्याला हरणं घालवता आली नाहीत, तर आपली काय कथा!

पण खरी गंमत पुढे आहे. ही हरणं वॉशिंग्टनकडे रानातून चालून आलेली नव्हती. त्यांनी ती स्वतः हौसेने आणली होती.

१७८३ मध्ये युद्ध संपवून घरी परतल्यावर वॉशिंग्टनने बाग नव्याने मांडायला घेतली. १७८५ च्या हिवाळ्यात स्वतः घोड्यावरून आपल्या रानात हिंडून कोणती झाडं, कोणती झुडपं उचलायची ते त्यांनी निवडलं. डॉगवुड, रेडबड, माउंटन लॉरेल, असं बरंच काही. पुढे १७९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम यांच्या नर्सरीतून शंभरेक जातींची झाडंझुडपं मागवली. (हे सगळं खणून, वाहून, पुन्हा लावण्याचं काम करणारे हात गुलामांचे होते. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारले तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. बागेच्या कौतुकात हा आकडा सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिला.)

आणि याच सुमारास घर आणि पोटोमॅक नदी यांच्यामधल्या उतारावर त्यांनी बनवला एक 'डिअर पार्क'. मेरीलँडच्या बेंजामिन ओगल नावाच्या गृहस्थांकडून इंग्लिश जातीच्या हरणांची पाडसं आणली, सोबतीला इथली देशी हरणं. काही वर्षांत तिथलं कुंपण मोडकळीला आलं. १७९२ मध्ये एका शेजाऱ्याला ते लिहितात की माझी डझनभर हरणं आता आवारात नाहीत, माझ्या सगळ्या रानात हिंडतात. त्यानंतरची पायरी म्हणजे माळ्याची तक्रार.

मुळात घराशेजारी हरणं पाळायची ही हौस कुठली? तर इंग्लंडची. १०८६ च्या डूम्सडे बुकात इंग्लंडमधल्या अशा पस्तीसेक पार्कांची नोंद आहे. १३०० च्या सुमारास ती संख्या तीन हजारांच्या घरात गेली असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. राजाची परवानगी, मोठी जमीन आणि हरणाच्या मांसाची मेजवानी, म्हणजे थोडक्यात प्रतिष्ठा. या पार्कांभोवती मातीचा बांध, त्यावर ओकच्या फळ्यांचं कुंपण आणि आतल्या बाजूने खंदक. खंदक आतून का? कारण हरणाने बाहेर जायचं नव्हतं! काही ठिकाणी तर 'डिअर लीप' नावाची सोय असे. बाहेरच्या बाजूने उंचवटा, आत खोल खड्डा. रानातलं हरीण उडी मारून आत येऊ शके, पण परत जाऊ शकत नसे. आपल्या भाषेत वन-वे फंक्शन.

पुढे १८ व्या शतकात फॅशन बदलली. दिवाणखान्याच्या खिडकीतून थेट हिरवळ, त्यापलीकडे चरणारी हरणं, आणि मध्ये कुंपण दिसता कामा नये! मग आली 'हा-हा'. नाव खरंच हेच आहे. जमिनीत चर खणायचा, घराच्या बाजूला उभी दगडी भिंत, पलीकडे हळूहळू चढत जाणारा गवताचा उतार. भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीत, त्यामुळे घरातून सगळं सलग दिसतं. हरीण मात्र चरात उतरलं की समोर भिंत. अचानक समोर चर बघून माणसाच्या तोंडून 'हा! हा!' निघतं म्हणून हे नाव, असं १७०९ च्या एका फ्रेंच बागकामाच्या पुस्तकापासून सांगितलं जातं. माउंट व्हर्ननलाही अशी हा-हा आहे. आम्ही पाहून आलो. माझी लेक तिच्यावर बसून सँडविच खात होती आणि सुरक्षारक्षकाने उठवलं, हा आमच्या घराण्याचा हा-हाशी आलेला एकमेव संबंध.

थॉमस जेफरसनचीही तीच कथा. १७८२ मध्ये माँटिसेलोला गेलेल्या एका फ्रेंच पाहुण्याने लिहून ठेवलंय की जेफरसन आपल्या पार्कातल्या हरणांना हाताने मका भरवतो. आणि १८०८-०९ मध्ये याच जेफरसनने आपल्या भाजीच्या बागेभोवती दहा फूट उंच फळ्यांचं कुंपण घातलं. फळ्या इतक्या जवळजवळ की सशाचं पिल्लूही आत शिरू नये. एका हाताने मका, दुसऱ्या हाताने कुंपण. हे वाक्य लिहिताना मी माझ्या मुलीकडे बघतोय. तिने गेल्या आठवड्यात सफरचंदाची सालं कुठे टाकली हे मला माहीत आहे.

हे झालं मोठ्या लोकांचं. बाकी अमेरिकेत या काळात हरीण ही शोभेची वस्तू नव्हती, तो माल होता. चार्ल्सटनच्या बंदरातून हरणाची कातडी जहाजं भरभरून इंग्लंडला जात आणि त्यांच्या विजारी नि हातमोजे बनत. आदिवासी शिकाऱ्यांशी व्यवहार कातड्यांतच होई. डॉलरला इथे 'बक' म्हणतात तो शब्द या व्यापारातून आला असं मानतात, कारण बक म्हणजे नर हरीण. ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्समथ गावाने १६४६ मध्येच शिकारीला काही महिने बंदी घातली होती, म्हणजे धोका तेव्हाच दिसू लागला होता. पण पुढच्या अडीचशे वर्षांत जंगलं तुटली, रेल्वे आली, बंदुका सुधारल्या आणि शहरांतल्या हॉटेलांना हरणाचं मांस पुरवणारे धंदेवाईक शिकारी आले. युरोपियन यायच्या आधी इथे पांढऱ्या शेपटीची सुमारे तीन कोटी हरणं असावीत असा अंदाज आहे. १९०० च्या आसपास उरली तीन ते पाच लाख. न्यू जर्सीतून तर ती जवळजवळ संपलीच होती. त्या काळात माझ्या जागी कोणी अझेलिया लावल्या असत्या तर हरीण बघायला लोक तिकीट काढून आले असते.

आणि मग अमेरिकेने एक काम इतकं चोख केलं की त्याची फळं मी भोगतोय. १९०० मध्ये लेसी कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात विकायला बंदी झाली आणि धंदेवाईक शिकारीचा कणाच मोडला. राज्यांनी शिकारीचे दिवस ठरवले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून चक्क हरणं विकत आणून रानात सोडली. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव वाढवण्यासाठी राज्यांना मिळू लागला. तोवर पूर्वेकडचे लांडगे आणि कूगर मारून संपवले होतेच. म्हणजे इनपुट वाढवला आणि आउटपुटची लाइन कापून टाकली. अशी सिस्टिम आपण प्रॉडक्शनला टाकली तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. आज हरणांची संख्या पुन्हा तीन कोटींच्या आसपास आहे.

गंमत म्हणजे ती परत आलेली हरणं दाट जंगलात राहायला उत्सुक नव्हती. त्यांना हवी असते जंगलाची कड. एका बाजूला लपायला झाडी, दुसऱ्या बाजूला कोवळा पाला. आल्डो लिओपोल्डने १९३३ च्या आपल्या पुस्तकात ही 'कड' नीट समजावून सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जी उपनगरं वसवली ती म्हणजे नुसती कडच कड. पाव एकर हिरवळ, मागे ओढा, ओढ्याकाठी झाडी, मग पुन्हा पाव एकर हिरवळ. शिवाय न्यू जर्सीत घरापासून ४५० फुटांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही. म्हणजे माझं अख्खं बॅकयार्ड अभयारण्य!

आता या अभयारण्यात जेवायला काय, तर अझेलिया. ती इथे कशी आली तेही सांगतो, कारण तीही कुणीतरी हौसेने आणली. जपानमध्ये अझेलियाचं वेड जुनं. इतो इहेई नावाच्या एदोच्या नर्सरीवाल्याने १६९२ मध्येच तिच्या शेकडो वाणांवर सचित्र ग्रंथ काढला होता. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात १९ व्या शतकात छोट्या, फुलांनी पान झाकून टाकणाऱ्या अझेलियांची पैदास झाली. १९१८ मध्ये अर्नेस्ट विल्सन हा वनस्पतिशोधक कुरुमेला पोचला, पन्नास वाण निवडले आणि १९१९ मध्ये ते बॉस्टनच्या अर्नल्ड आर्बोरेटमला आले. त्यांना आजही 'विल्सनचे पन्नास' म्हणतात. मग मेरीलँडमधल्या ग्लेन डेल इथे सरकारी शास्त्रज्ञ बेंजामिन मॉरिसन यांनी अनेक वर्षं संकर करून थंडी सोसणारे आणि मोठ्या फुलांचे तब्बल ४५४ वाण काढले. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधली त्यांची टेकडी १९४९ मध्ये लोकांना बघायला खुली झाली. त्यानंतर दर वसंतात उपनगरी अंगणांत गुलाबी, जांभळा, पांढरा रंग. हरणं वाढली तीच ही दशकं. दोन टीम एकमेकांशी न बोलता एकाच डेडलाइनवर काम करत होत्या!

असो. माझ्याकडे वळतो.

त्या एप्रिलनंतर मी सगळे उपाय केले. साबणाच्या वड्या टांगल्या. सडक्या अंड्यांचा वास येणारा फवारा मारला. हरणं गेली नाहीत, पाहुणे गेले. मग रास्पबेरी पाय आणि मोशन सेन्सर लावून पाण्याचा फवारा बनवला. दहा दिवस झकास चालला. अकराव्या दिवसापासून हरणं तो संपेपर्यंत बाजूला थांबायला लागली आणि बायको मात्र कचरा टाकायला जाताना दोनदा भिजली. तेव्हा आई साताऱ्याहून आलेली होती. ती म्हणाली, "अरे, तुझे आजोबा माळ्यावर बसून रात्रभर जागल करायचे, गोफण घेऊन. तू एसीत बसून कसली राखण करतोस?" बरोबर होतं. पण इथे गोफण चालवली तर पोलीस येतील. मोठं हरीण सात-आठ फूट सहज उडी मारतं आणि आमच्या टाउनशिपमध्ये सहा फुटांच्या वर कुंपण बांधता येत नाही. जेफरसनला परवानगी काढावी लागली नव्हती!

मग रटगर्स विद्यापीठाची यादी सापडली. कोणतं झाड हरीण किती खातं याच्या चार वर्गवाऱ्या, 'क्वचित' पासून 'वारंवार आणि जबर' पर्यंत. इथले लोक ती यादी घेऊनच नर्सरीत जातात. तुम्ही आमच्या गल्लीत फिरलात तर घरोघरी तीच तीच झाडं का दिसतात याचं उत्तर तिथे आहे. आमच्या उपनगराची बाग माणसांच्या आवडीने ठरत नाही, हरणांच्या नावडीने ठरते.

मीही तेच केलं. खाल्लेल्या अझेलिया काढल्या आणि नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून तिथे जपानी बारबेरीची रांग लावली. आपल्या दारुहळदीची चुलत बहीण, काटेरी, लालसर पानांची, देखणी. हरीण तोंड लावत नाही. १८७५ मध्ये तिचं बी रशियातून त्याच अर्नल्ड आर्बोरेटमला आलं होतं. दोन वर्षं मी खूश. प्रॉब्लेम सॉल्व्ड, तिकीट क्लोज्ड.

तिसऱ्या जूनमध्ये मुलीच्या गुडघ्यामागे गोल लाल चट्टा उठला आणि ताप आला. डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, लाइम. गोचिडीपासून होणारा हा आजार १९७५ मध्ये शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात लक्षात आला, म्हणून हे नाव. त्याचा जिवाणू १९८२ मध्ये सापडला. लवकर कळलं, औषधाचा कोर्स झाला, पोर बरी झाली. पण ते तीन आठवडे आम्ही दोघं नीट झोपलो नाही.

आणि त्या जागरणात वाचलं की गोचिडीला हा जिवाणू मुख्यतः उंदरांकडून मिळतो. हरणाच्या अंगावर मोठ्या गोचिडी पोट भरतात आणि वाढतात. आणि बारबेरीच्या दाट जाळीखाली ओलावा टिकतो, उंदरांना आसरा मिळतो, त्यामुळे तिथे गोचिडी जास्त सापडतात. कनेक्टिकटच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलेलं होतं. हरणं इतर सगळं खातात आणि बारबेरी सोडतात, म्हणून ती आसपासच्या रानांतही माजली आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१५ मध्येच तिची विक्री बंद केली होती, पेनसिल्व्हेनियानेही २०२१ मध्ये तिला घातक तणांच्या यादीत टाकलं. मुलीला ती गोचीड माझ्याच झुडपाखालची चिकटली की शाळेच्या मैदानावरची, हे कुणीच सांगू शकत नाही. पण पुढच्या शनिवारी मी हातमोजे घालून सगळी रांग उपटली. काटे हातमोज्यातूनही लागतात.

आता तिथे पिएरिस आहे. हाही जपानीच, अझेलियाच्याच कुळातला. दोघांच्या पानांत एकाच जातीचं विष असतं, तरी हरीण अझेलिया खातं आणि पिएरिस टाळतं. जपानी लोक याला असेबी म्हणतात आणि ते नाव लिहायच्या चित्रलिपीचा अर्थ होतो 'घोड्याला झिंग आणणारं झाड'. नारा शहराच्या पार्कात हजारावर हरणं मोकळी हिंडतात. कासुगा देवस्थानाचे दूत म्हणून त्यांना मान आहे, १९५७ पासून सरकारी संरक्षणही आहे. तिथे हरणं इतर कोवळं काही उगवू देत नाहीत, त्यामुळे असेबीच असेबी वाढलेली आहे. तिथल्या लोकांनी हरणं ठेवली आणि उरलेल्या झुडपावर प्रेम करायला शिकले. मार्चमध्ये तिची पांढऱ्या घंटांसारखी फुलं बघायला लोक खास जातात म्हणे.

पण आमचं टाउनशिप म्हणजे नारा नव्हे. प्रिन्स्टनने २००१ मध्ये नेमबाज बोलावून हरणं मारायला सुरुवात केली तेव्हा गावात उभी फूट पडली होती. आता तो प्रस्ताव आमच्याकडे आलाय, पुढच्या मंगळवारी सभा आहे. शेजारच्या आजोबांना गेल्या वर्षी दुसऱ्यांदा लाइम झाला, ते बाजूने बोलणार आहेत. बायको त्यांच्या बरोबर आहे, आणि मुलीच्या आजारपणानंतर तिला मी काय सांगणार? स्वतः मुलगी मात्र कट्टर विरोधात. जूनमध्ये डेकच्या खाली एका हरिणीने जुळी पाडसं लपवली होती. दिवसभर हलत नाहीत, आई फक्त दूध पाजायला येते. मुलीने त्यांची नावंही ठेवली आहेत. सभेत तीन मिनिटं बोलण्यासाठी तिने माझ्याआधी नाव नोंदवलंय.

मी अजून नोंदवलेलं नाही. यंदा एक अझेलिया पुन्हा आणली. मॉरिसन यांच्या त्या ४५४ पैकीच एक, पांढरी. तिच्याभोवती चार खुंट रोवून तारेची जाळी गुंडाळली आहे. डेकवरून फूल कमी आणि जाळी जास्त दिसते. गेल्या रविवारी सकाळी एक पाडस जाळीला नाक लावून उभं होतं. मी हातातला चहा खाली ठेवला, टाळी वाजवायला हात वर केले, आणि मागून आवाज आला, "बाबा, थांब ना!"